दादा, ही थोटकं कुणाची?

दादा, त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला आणि आपल्या घरानं त्याची तीन उत्तरं दिली. प्रश्न होता, "हे ओढायचे का?" वहिनी म्हणाली, सोडून तीन वर्षं झाली. माझी सुनंदा म्हणाली, जपानात ओढायचे, इथं नाही. आणि मी, तुझा सख्खा धाकटा भाऊ, म्हणालो की तिकडची पद्धतच वेगळी असते डॉक्टर. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पेन हवेत धरून आम्हा तिघांकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी एकच अक्षर लिहिलं. कोणतं, ते मला दिसलं नाही. अर्ध्या तासानं त्या कागदाची गरजच उरली नाही.

आज सोळा दिवस झाले. माझं भादरलेलं डोकं नागावच्या उन्हात अजून तापतं, आणि आपल्या होमस्टेवर येणारे पाहुणे मला कुणी साधूबिधू समजून जरा हळू बोलतात. बाबांबद्दल काहीतरी लिही काका, असं मीनलनं सांगितलंय. तुझीच लेक, म्हणून क्रमही लावून दिलाय: जन्म, शिक्षण, बंदरातली नोकरी, परदेश, निवृत्ती. पण तुझी माहिती तुलाच काय सांगू? मला तर आपला तो वाद पुढं चालवायचाय. जास्त कोण ओढतं, जपानी लोक की आपण? तीस वर्षं चालला आणि निकाल न लागताच तू उठून गेलास. आणि त्या वादाच्या पोटात आणखी एक प्रश्न होता, तो मी तुला कधी विचारला नाही. विचारला असता तर तू तोच मला उलटा विचारला असतास.

न्हावा शेव्याला तू क्रेनच्या दुरुस्तीवर होतास. क्रेन बनवणाऱ्यांनी तुला तिथून थेट योकोहामाला नेलं, तेव्हा तुझ्या बॅगेत आईनं दिलेली कोकमं होती, वहिनीचा फोटो होता आणि विड्यांची बारा बंडलं होती. बंडलं मीच आणून दिली होती, महादूच्या टपरीवरून. तुझा पहिला फोन आला तेव्हा आईनं विचारलं, काय रे, जेवतोस का वेळेवर? तर तू सांगायला लागलास की इथं रस्त्यावर मशीन उभं असतं, नाणी टाकली की खालून सिगरेटचं पाकीट पडतं. फोन ठेवून आई रडायला लागली. पोर उपाशी आहे, लाजेनं बोलत नाही, असं तिचं म्हणणं.

पहिल्या सुट्टीत आलास तो नुसता जपानी धूरच सांगत होतास. कचेरीत प्रत्येकाच्या टेबलावर अ‍ॅशट्रे, साहेब ओढतो, शिपाई ओढतो, आगगाडीत ओढणाऱ्यांचे डबे वेगळे. मी काही कमी नव्हतो. मी म्हटलं, आपल्या एसटीत 'धूम्रपान करू नये' या पाटीच्या बरोबर खाली बसून कंडक्टर ओढतो, आणि गावातले डॉक्टर एका हातात सिगरेट धरून दुसऱ्या हातानं छातीला नळी लावतात. वेगळा डबा कशाला हवा, अख्खी गाडीच आपली. पडवीत बसून आपण असा हिशेब मांडायचो. जपानची सरासरी तू आणि भारताची सरासरी मी. दोघंही ओढत ओढतच भांडायचो, त्यामुळे दोन्ही देशांचा आकडा दर तासाला वाढत जायचा.

मी विडी चावतो हे तुला कधीच आवडलं नाही. माझा पुढचा दात अर्धा तुटलेला, त्याची खूण विडीच्या शेपटाला बरोबर पडते. "विडी आहे ती सुध्या, ऊस नव्हे," असं तू दर सुट्टीत एकदा तरी म्हणायचास. तुझं सगळं नीटनेटकं. दोन बोटांत हलकेच धरायचास, शेवटपर्यंत गोल राहायची.

मग काही वर्षांनी तू ती डबी घेऊन आलास. निळी, चपटी, चुन्याच्या डबीपेक्षा थोडी मोठी, कडेला दाबलं की झाकण उघडायचं. खिशातला अ‍ॅशट्रे. तिकडे म्हणे आता रस्त्यावर राख झाडायची नाही, थोटूक टाकायचं नाही, कित्येक रस्त्यांवर तर ओढायचंच नाही; आत चहाच्या दुकानात बसून मात्र खुशाल ओढा. मी म्हटलं, आमच्याकडे नेमकं उलटं झालंय. हॉटेलात ओढायची बंदी आलीय आणि रस्ता सगळा आमचा आहे. म्हणजे त्यांनी घरं धुरानं भरली आणि रस्ते साफ ठेवले, आपण घरं साफ ठेवली आणि समुद्रापर्यंत थोटकं पसरली. यात शहाणं कोण, हे तेव्हाही मला कळलं नाही आणि आता तर मुळीच कळत नाही.

आई तिथंच बसून बोटानं मिश्री लावत होती. ती म्हणाली, दोघंही वाया गेलात. त्यावरून नवाच वाद निघाला, आईला भारताच्या बाजूनं धरायचं की नाही. तू म्हणालास, धूर निघत नाही ते मोजायचं नाही. मी म्हटलं, हा अन्याय आहे, आमचा अर्धा देश तंबाखू गालात ठेवतो, त्याचं काय? त्यात एक अख्खा मे महिना गेला. आईही उरलेलं आयुष्य 'मिश्री सोडली' असंच सांगत राहिली आणि ती गेल्यावर उशीच्या अभ्र्यात डबी निघाली. आपल्या घरात तंबाखू सोडलेली माणसं पुष्कळ झाली दादा. तंबाखू मात्र घरात कधी कमी पडली नाही.

डबी घेऊन तू महादूच्या टपरीवर गेलास ते मला अजून दिसतं. टपरीला नारळाच्या काथ्याचा सुंभ टांगलेला, त्याचं टोक दिवसभर धुमसत असतं, त्यावर जो तो आपली विडी पेटवून घेतो. तूही पेटवलीस, ओढलीस, आणि मग सगळ्यांसमोर थोटूक डबीत टाकून झाकण लावून खिशात ठेवलंस. महादू बघतच राहिला. म्हणाला, "विझली ना? मंग घरी कशाला न्यायची? वहिनीला दाखवायची हाय?" तेव्हापासून गावानं तुझं नाव जपानी ठेवलं. तुलाही ते आवडलं होतं, हे मला माहीत आहे. तू फक्त आवडलं नाही असा चेहरा करायचास.

त्यानंतरच्या सुट्ट्यांत तुझं बोलणं बदलत गेलं. तिकडे स्टेशनाबाहेर काचेच्या खोल्या आल्या होत्या. एकदा तू सांगितलंस, त्या खोलीत दहा-पंधरा माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात आणि कुणी कुणाशी बोलत नाही, सगळ्यांच्या माना मोबाइलात. तू म्हणालास, "बाहेरून जाणारे आमच्याकडे बघतसुद्धा नाहीत रे. राणीच्या बागेतल्या प्राण्यांकडे लोक थांबून बघतात तरी." मी हसलो होतो. तू हसला नव्हतास, हे मला आत्ता लिहिताना आठवलं. तेव्हा मी लगेच आपल्या बाजूचं सांगायला लागलो: आपल्याकडे आता पाकिटावर सडलेल्या तोंडाचं चित्र असतं, म्हणून लोक पाकीट घेतच नाहीत, एकेक सुटी सिगरेट घेतात. म्हणजे चित्र बघायची वेळ फक्त महादूवर येते. तू म्हणालास, म्हणजे दोन्हीकडे माणूस लपूनच ओढायला लागला. तिकडे काचेच्या आत, इकडे चित्राच्या पाठीमागं. सामना बरोबरीत आहे असं म्हणून मी विषय बदलला.

आणि तीन वर्षांपूर्वी तू कायमचा आलास. गणपतीची आरती झाली, सगळे प्रसादाला बसले होते, आणि तू जाहीर करून टाकलंस की मीनलला शब्द दिलाय, मी सोडली. एवढ्यावर थांबला असतास तरी चाललं असतं. पण तू माझ्याकडे वळून म्हणालास, सुध्या, आता तूही सोड. माझ्या हातात मोदक होता, अख्खं घर माझ्याकडे बघत होतं. मी म्हटलं, "मी तर गोकुळाष्टमीलाच सोडली."

किती सहज निघालं तोंडातून. सुनंदानं तिथल्या तिथं मला आणखी एक मोदक वाढला.

त्या मोदकापासून माझा विहिरीमागचा संसार सुरू झाला. होमस्टेच्या फाटकावर 'येथे धूम्रपान करू नये' ही पाटी मीच रंगवलेली. पाहुणे विचारतात, काका, मग कुठं ओढायची? मी त्यांना बीचचा रस्ता दाखवतो आणि स्वतः विहिरीमागं जातो. बंडल पंपाच्या खोलीत, फ्यूजच्या पेटीवर, करवंटीखाली झाकलेलं. सकाळी एक, दुपारी एक, पाहुणे जास्त असले तर संध्याकाळीही. विझवून थोटूक तिथंच टाकायचो. गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी ते तिथं नसायचं. तीन वर्षांत सुनंदाला एकदाही सापडलं नाही. मी मनात म्हणायचो, आपल्या वाडीला वारा फार चांगला आहे.

तू रोज सकाळी चिमटा आणि पिशवी घेऊन बीचवरची थोटकं वेचायला जायचास. परत आलास की चहा पिता पिता अहवाल द्यायचास: आज महागडी जास्त होती, मुंबईची मंडळी असणार, दोन तर लिपस्टिक लागलेली, आणि ती नवीन विजेवर चालणारी नळी एकानं वाळूत पुरून ठेवलीय, तिच्यावर आपल्याकडे बंदी आहे म्हणे. तिकडचा आकडा कमी होत चाललाय सुध्या, आपला या किनाऱ्यावर तरी वाढतोय, असं म्हणून माझ्याकडे बघायचास. मी चहात बघायचो. एकदा म्हणालास, तुझ्या शर्टाला धुराचा वास येतो. मी म्हटलं, डासांसाठी धुरी केली होती. तू म्हणालास, असं होय. मला वाटलं, पचलं.

तू गेलास त्याच्या आदल्या संध्याकाळी मी वाडीतून येत होतो आणि तू पायरीवर बसला होतास. "रोज विहिरीमागं काय जातोस रे एवढा?"

"पाण्याची पातळी बघतो."

"मग? किती आहे?"

"बरी आहे."

आपल्या दोघांमधलं हे शेवटचं बोलणं. छप्पन्न वर्षांचा भाऊपणा, आणि शेवटचे शब्द काय, तर बरी आहे. त्यातही मी विहिरीत डोकावलो नव्हतोच.

दहाव्याला सुरूच्या बनाजवळ पिंड ठेवले आणि कावळे वर फांद्यांवर बसून राहिले. एरवी पाहुण्यांच्या ताटातली कोलंबी उचलून नेणारे हे कावळे, त्या दिवशी सोवळे झाले. पाऊण तास झाला. कुणी चहाचा कप ठेवला, कुणी तुझ्या आवडीची कांदाभजी आणून ठेवली. ऊन चढलं, माझं डोकं तव्यासारखं झालं. भटजींनी घड्याळ बघितलं आणि दर्भाचा कावळा करू म्हणाले. तेव्हा मात्र सगळे एकदमच पुढं झाले. वहिनी हात जोडून म्हणाली, मी इथं एकटी राहणार नाही, मीनलबरोबर जाईन, काळजी करू नका. मीनल म्हणाली, बाबा, हे घर विकणार नाही. आणि महादू, ज्याला कुणी काही विचारलं नव्हतं, त्यानं खिशातून विडी काढली, पेटवून एक झुरका मारला आणि पिंडाशेजारच्या दगडावर नीट ठेवली. "त्याला काय पायजे ते मला ठाव हाय," म्हणाला.

मीनल त्याच्याकडे रागानं बघत होती. मी डोळे मिटले होते. मनात म्हणत होतो, दादा, मी खोटं बोललो, गोकुळाष्टमीला काही सोडलं नाही, कधीच सोडलं नाही. आता सोडतो. तू जा.

डोळे उघडले तर कावळा उतरलेला. विडीच्या धुराकडे त्यानं मान तिरकी करून पाहिलं आणि पिंडाला चोच लावली.

घरी येताना वहिनीला खात्री होती की तिच्या शब्दावर तू गेलास. मीनलला वाटत होतं, घराचं ऐकलंस. महादू अख्ख्या रस्त्याला सांगत होता, "विडीच होती, दुसरं काय न्हाय." माझा अर्ज तर कुणाला ऐकूच गेला नव्हता. आता एकाच चोचीत यातला कुठला मंजूर झाला? वहिनीचा झाला असेल तर मी मोकळा. माझा झाला असेल तर मी बांधलेला. आणि महादूचा झाला असेल, तर मग तुला माझ्याकडून नेमकं काय हवं होतं? शेवटी भटजींना आडून विचारलं, समजा एखाद्यानं मनातल्या मनात शब्द दिला, कुणी ऐकला नाही, तर तो लागतो का? ते म्हणाले, दिला कुणाला? म्हटलं, भावाला. "मग मला काय विचारतोस?" असं म्हणून ते स्कूटरवर बसले.

त्या दिवसापासून मी विडी पेटवलेली नाही. पण सोडली असंही म्हणवत नाही. हे वाक्य आपल्या घरात फारच स्वस्त झालंय.

परवा वहिनीनं बॅगा भरताना मला हाक मारली. "भावजी, हे तुम्ही ठेवा. रोज त्यांच्या खिशात असायचं. आत काय आहे मी बघितलं नाही." निळी डबी. बघितलं नाही, हे वहिनी जरा घाईनंच म्हणाली.

मी डबी घेऊन सवयीनं विहिरीमागंच गेलो आणि तिथं झाकण दाबलं. आत सात थोटकं होती. सगळी विडीची, सगळ्यांना तोच लाल दोरा, महादूकडच्या बंडलाचा. पाच थोटकांच्या शेपटाला माझ्या तुटक्या दाताची खूण होती.

म्हणजे वाडीतला वारा तू होतास. तीन वर्षं बीचवरून येताना तू विहिरीमागून फिरून यायचास आणि माझी थोटकं उचलायचास. सुनंदाला कळू नये म्हणून? मला लाज वाटू नये म्हणून? की नुसती सवय, खाली पडलेलं दिसलं की उचलायची? मला एकदा पकडलं असतंस तर काय बिघडलं असतं? मी चिडलो असतो, भांडलो असतो, तिकडच्या मशीनपासून सगळं उकरून काढलं असतं. कदाचित म्हणूनच पकडलं नसशील. का कोण जाणे. आधी राग आला, मग तिथंच धोंड्यावर बसून मी बराच वेळ रडलो. सुनंदा विचारायला लागली तर काय सांगायचं हे ठरवत ठरवत रडलो, म्हणजे बघ.

मग उरलेली दोन पुन्हा हातात घेतली. चावलेली नव्हती. शेवटपर्यंत गोल होती.

दादा, या दोन विड्या माझ्याच बंडलातल्या आहेत. फ्यूजच्या पेटीवरची करवंटी तुलाही माहीत होती. मी मोजून ठेवत नव्हतो, म्हणून दोन गेलेल्या मला कळल्या नाहीत, आणि डबी तू अधूनमधून रिकामी करत असणार, म्हणजे दोनच गेल्या असंही नाही. शेवटच्या काळात भारत आणि जपान एकाच विहिरीमागं येऊन उभे राहत होते, एकाच बंडलातून ओढत होते, फक्त वेळा वेगळ्या होत्या. एखाद्या दिवशी मी अर्धा तास उशिरा गेलो असतो तर आपण दोघं समोरासमोर आलो असतो. मला माहीत आहे काय झालं असतं. तू म्हणाला असतास, पाण्याची पातळी बघायला आलोय.

पण हसू येतं आणि तिथंच अडकतं. तरुण डॉक्टरांचा प्रश्न आता मला एकट्याला पडलाय. हे ओढायचे का? किती? कुठली? तुझं काळीज कुठल्या धुरानं थकलं, योकोहामाच्या काचेच्या खोलीतल्या की माझ्या करवंटीखालच्या? पंचवीस-तीस वर्षांपुढं दोन विड्या काय, असं मी स्वतःला सांगतो. मग वाटतं, त्या जपानला नेलेल्या बारा बंडलांपासूनच तुला विड्या आणून देणारा मी. मीनलला हे सांगायचं का? तू तिला शब्द दिला होतास. महादू खरा ठरला, हे महादूला तरी सांगायचं का? कावळा कुणाच्या शब्दावर आला, हा घोळ सुटायच्या ऐवजी वाढलाच आहे. तूच सोडली नव्हतीस, तर मी सोडावी हे कुणाला हवंय?

आज दुपारी न राहवून बंडल काढलं. विडी दातात धरली, काडीही ओढली. आणि काडी बोटापर्यंत जळत आली तरी मी विचार करत बसलो, की ओढून झाल्यावर थोटूक टाकायचं कुठं? खाली टाकता येणार नाही. वाडीला आता वारा राहिलेला नाही. टाकायचं तर डबीतच. मग हे आठवं होईल, उद्या नववं, आणि महिनाभरात डबी भरेल आणि मला ती कुठंतरी झटकावी लागेल. त्यात तुझी दोन जातील.

काडी विझवून डबीच्या शेजारी ठेवली. चावलेली विडी परत बंडलात घातली, तीही तशीच, दाताच्या खुणेसकट. उद्या असंच जमेल की नाही, सांगता येत नाही. हा शब्द पाळणं झालं की नुसती कंजुषी, तेही कळत नाही.

उठताना एक काम मात्र केलं, जे तीन वर्षांत केलं नव्हतं. कठड्याला धरून विहिरीत वाकून बघितलं. तू विचारलं होतंस ना, किती आहे? पाणी बरंच खाली गेलंय, दादा.